बेरिलचं कपाट

स्टॅन्थॉर्प,
मंगळवार, दुपार

प्रिय लॉकी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधी सांगून टाकते. बेरिल ठणठणीत आहे. मागच्या महिन्यात तिने कात टाकली, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, कुठे फाटली नाही की चिकटून राहिली नाही. त्यानंतर एक मोठा ससा गिळून ती आठवडाभर सुस्त पडून होती. तुझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, त्यामुळे त्याचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात दिलं. आता पुढचं वाचायला तू मोकळा आहेस. नाही वाचलंस तरी मला नवल वाटणार नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. अरे, फोनवर मला बोलायला मिळतंच कुठे? महिन्याचा पहिला रविवार, दुपारची जेवणं झाली की फोन वाजतो आणि मी हॅलो म्हणायच्या आत तू म्हणतोस, "आई, जरा कॅमेरा फिरव ना." मी फिरवते. मग अर्धा तास तू आणि बेरिल. उबेच्या बाजूला किती डिग्री आहे, पाणी बदललंस का, शेपटीकडे ते काय दिसतंय, जरा जवळ ने. माझा हात भरून येतो, पण मी फोन धरून उभी राहते. शेवटी तू म्हणतोस, "बरं आई, काळजी घे हं," आणि ते तू मला म्हणतोस की तिची काळजी घ्यायला सांगतोस, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. एकदा विल्मा चहाला येऊन समोर बसलेली होती. फोन बंद झाल्यावर तिने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "नोलीन, याला आई आहे हे याला ठाऊक आहे ना गं?" मी हसले. पण लॉकी, ते मला फार लागलं. तेव्हापासून दर पहिल्या रविवारी फोन वाजला की मी मनाशी म्हणते, बेरिलचा फोन आला.

तुला आठवतं का, तू तिला, अजगराचं ते पिल्लू, घरी आणलंस तेव्हा ती बुटाच्या नाडीएवढी होती. जेवणाच्या डब्यात बसायची. बाबांची बेरिलआत्या नाताळात केकची फोड न चावता गिळायची, म्हणून तू तिचं नाव बेरिल ठेवलंस, आणि बाबा आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. मग हळूच एक दिवस म्हणाले, "आत्या असती तर तिनेच हा साप गिळला असता." पुढे ती मनगटाएवढी जाड झाली. बाबांनी टाकून द्यायला काढलेलं टीव्हीचं जुनं कपाट तू उचलून आणलंस, पुढे काच लावलीस, आत दिवा टांगलास. तू त्याला घर म्हणायचास, बाबा खोका म्हणायचे, आणि मी कपाटच म्हणत राहिले. पिंजरा म्हटलेलं मात्र तुला खपायचं नाही. त्याच महिन्यात तू खाणीवर गेलास. "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, आई. तिला पंधरा दिवसांनी एक उंदीर पुरतो. तू तिच्याकडे बघूसुद्धा नकोस." साप म्हणू नये धाकला, असं म्हणतात ते उगाच नाही. तीन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली, तू देशाच्या त्या टोकाला घर केलंस, आणि इकडे बेरिल वाढत राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं की तीन महिन्यांचाच प्रश्न आहे.

मी सापांना भिणारी बाई. सफरचंदांच्या शेडमध्ये कामाला असताना पेट्यांखालून कधी एखादा निघाला तर टेबलावर चढायचे आणि बाकीच्या बायका माझी नक्कल करायच्या. पहिले काही महिने मी तुझ्या खोलीत जाताना लांब चिमट्याने उंदीर धरून, तोंड फिरवून आत ढकलायचे. मग त्या पहिल्या थंडीत एक दिवस कपाटातून करपल्याचा वास आला. बघते तर ही बया त्या दिव्यालाच वेटोळं घालून बसलेली. पोटाखालची कातडी भाजून पांढरी पडली होती, तरी ती जागची हलत नव्हती. वॉरिकची जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, "सापाला चटका बसतोय हे लवकर कळत नाही. ऊब मिळतेय एवढंच कळतं, म्हणून तो अजून घट्ट धरतो. दिव्याला जाळी नव्हती का?" मी तुला फोन केला तर तू म्हणालास, "अरे हो, जाळी लावायची राहिलीच. मी सांगणारच होतो तुला." सांगणारच होतास. दीड महिना मी तिच्या पोटाला मलम लावलं. ज्या हातांनी मी तिला शिवतही नव्हते, त्याच हातांनी. बाबांनी कोंबड्यांच्या खुराड्याची उरलेली जाळी कापली, तिची धार कानशीने घासून गुळगुळीत केली आणि दिव्याभोवती बसवली. त्यानंतर कामावरून आले की बूट काढता काढता विचारायचे, "आत्या जेवली का?" तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तू विचारलं नव्हतंस.

मग बाबा गेले. तू आलास, दोन दिवसांसाठी. त्याबद्दल मी आजवर एक अक्षर काढलं नाही, पण आता काढते. स्वयंपाकघरात लोक सँडविचच्या थाळ्या घेऊन उभे होते, तुझे काका रडत होते, मी चर्चमधून आले ती अजून टोपीही काढली नव्हती, आणि तू दिसेनास म्हणून शोधायला गेले तर तू तुझ्या खोलीत गुडघ्यांवर बसून टेपने कपाट मोजत होतास. "आई, हे आता तिला फार लहान पडतंय. अंग पूर्ण पसरता यायला हवं. लिहून घेतेस का जरा?" मी कागद शोधत होते तोवर तुझ्या खिशात जो सापडला त्याच्या मागे तू आकडे लिहिलेस आणि माझ्या हातात दिलास. पुढच्या बाजूला बाबांचा फोटो होता. चर्चमध्ये वाटलेला प्रार्थनेचा कागद होता तो. तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्या लक्षातच आलं नाही, आणि तेच मला गिळता येत नाही.

तर त्या आकड्यांवरून मी पहिलं कपाट बांधलं. मला करवत कशी धरायची ते येत नव्हतं, पण एकटं घर, थंडीची सुट्टी आणि शेडमध्ये बाबांच्या सायप्रसच्या फळ्या. व्हरांड्यासाठी त्यांनी किती वर्षं जपून ठेवलेल्या. आपल्याकडे सगळेच त्या लाकडाचं गुणगान गातात, जमिनीला लावा नाहीतर छताला, वाळवी म्हणून शिवत नाही. मी दिवसदिवस रंधा मारला. काय वास सुटला होता शेडमध्ये, जसे काही बाबाच तिथे काम करत होते. कोपरे जुळले नाहीत, दोन वेळा उलटे स्क्रू लावले, पण उभं राहिलं तेव्हा मी त्याला हात लावून रडले. बेरिलला आत सोडलं आणि तुला फोटो पाठवला. तू उत्तरात अंगठा पाठवलास.

आठवड्याभरात तिचं बिघडलं. तोंड उघडं ठेवून डोकं वर धरायची, तोंडात फेस, श्वास घेताना शिट्टी वाजायची, आणि काचेवर नाक घासून घासून तिने ते सोलून काढलं. तू म्हणालास, "थंडी लागली असेल, डिग्री वाढव." वाढवली, तर आणखी बिघडलं. शेवटी साप पाळणाऱ्यांच्या क्लबच्या लोकांना विचारलं आणि तिथून विल्मा आली. ती तेव्हा शाळेची बस चालवायची. बस तशीच दारात उभी करून आत आली, कपाट उघडलं, एकदा नाक ओढलं आणि कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "कसलं लाकूड हे?" मी अभिमानाने म्हटलं, "सायप्रस. नवऱ्याचं आहे. वाळवीसुद्धा तोंड लावत नाही." विल्मा म्हणाली, "अगं शहाणे, ज्याला वाळवी तोंड लावत नाही, त्यात तू जित्या जनावराला कोंडलंस? आणि वर ऊब वाढवून तो दर्प तिच्या नाकात सोडलास? वाळवी तुझ्यापेक्षा हुशार म्हणायची." तिने बेरिलला उशीच्या अभ्र्यात घालून न्हाणीघरात ठेवलं, आणि त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बाबांच्या फळ्या एकेक करून उकलल्या. मी स्क्रू काढत होते आणि ती म्हणत होती, "रडायचं तर रड, पण ड्रिल सरळ धर."

बेरिल वाचली, पण तिला इंजेक्शनं देता देता माझ्या नाकी नऊ आले. विल्मा मात्र तेव्हापासून माझ्या गळ्यात पडली ती कायमची. तोंडाची फाटकी आहे, पण मला जे काही येतं ते तिने शिकवलं. तिचा एकच मंत्र. "कपाटाला दोन टोकं दे. एक उबेचं, एक गारव्याचं. मध्ये अडवू नकोस. कुठे जाऊन बसायचं ते जनावर आपलं आपण ठरवतं, आणि कुठे बसलंय त्यावरून तुला कळतं त्याला काय हवंय ते." मी दुसरं कपाट भुशाच्या बोर्डाचं केलं, वरून पांढरं चकचकीत लॅमिनेट असतं ना, तो. पाणी मुरू नये म्हणून सांध्यांना सिलिकॉन भरलं, त्याचा व्हिनेगरसारखा वास जाईपर्यंत वाट बघितली, सगळं पुस्तकातल्यासारखं. फक्त स्क्रूच्या भोकांना सिलिकॉन लावायचं विसरले. बेरिलने पाण्याची परात उलटवली, पाणी भोकांतून बोर्डात मुरलं, आणि तळ पावासारखा फुगला. काचेची खाच वाकडी झाली, काच एक बोटभर सरकली आणि सकाळी कपाट रिकामं.

चार दिवस ती सापडली नाही. फ्रिजमागे, वॉशिंग मशीनमध्ये, चुलीच्या धुराड्यात, सगळीकडे हात घातला. तुला कळवलं तर तू माझ्यावर ओरडलास. "आई, एक काच नीट बंद ठेवता येत नाही का तुला? बाहेर गोठतंय, मरेल ती!" पाचव्या दिवशी चादरींच्या कपाटातून काहीतरी घ्यायला गेले तर बाबांच्या स्वेटरच्या गठ्ठ्यावर ती वेटोळं करून बसलेली. मागून गरम पाण्याचा पाइप जातो, म्हणून ती जागा उबदार असते. मी ते स्वेटर कोणालाही दिले नव्हते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तिला म्हटलं, "तुला बरी जागा सापडली गं." त्या दिवशी माझी तिची गट्टी झाली. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. थोडंसं त्यासाठीच लिहिते आहे.

तिसरं कपाट मात्र मी असं बांधलं की दुरून लोक बघायला आले. चांगलं जाड प्लायवुड, पाण्यात टिकणारं. आतून पाण्यात कालवायच्या पॉलिशचे हात, आणि प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर. महिनाभर सताड उघडं ठेवून वारा दिला. तळ जमिनीपासून वर उचलला, कारण इथे थंडीत फरशीतून गारठा चढतो. एका बाजूला हवेची भोकं खाली, दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा आपोआप फिरते. दिव्याला जाळी, अर्थातच. काचांना कुलूप. वाऱ्याने वाकलेली एक जाड फांदी बागेतून आणून आत तिरकी बसवली. आणि वर पडून राहायला लांब फळी, ती तुझ्या पलंगाच्या पट्ट्यांची. तुझा पलंग मोडावाच लागला, कारण तेवढं मोठं कपाट फक्त तुझ्याच खोलीत बसत होतं. मी ते सगळं खोलीतच जोडलं, स्क्रू आणि गोंद दोन्ही लावून, पक्कं. शेवटची काच बसवल्यावर मागे सरकून बघितलं आणि लक्षात आलं की हे आता दारातून कधीच बाहेर निघणार नाही. विल्मा हसून हसून लाल झाली. "आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं. इथे तर बाईने नागोबासाठी आख्खी खोली बिळाला जोडली." क्लबच्या दर दुसऱ्या माणसाची म्हणे ही चूक एकदा तरी होते. बाहेर काढायची वेळ येईल असं बांधताना कोणाच्या मनातच येत नाही.

मला त्या कपाटाचा अभिमान होता. अजून आहे. तू फोनवर बघून म्हणालास, "वा, आता तिला काही कमी नाही." खरंच नव्हतं. त्या थंडीत तारा तुटून दोन दिवस वीज गेली, तेव्हा घरातल्या सगळ्या गरम पाण्याच्या पिशव्या बेरिलच्या कपाटात होत्या आणि मी बाबांचा कोट घालून चुलीसमोर बसले होते. तू मात्र दर तासाला फोन करून विचारत होतास, आत किती डिग्री. तेवढे फोन तू मला आयुष्यात केले नाहीस. आणि या फेब्रुवारीत माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुझा फोन नेमका मी इस्पितळात असताना आला. नर्सने कानाला लावून दिला. मी म्हटलं, "लॉकी, खुबा बदलला रे माझा, नवा बसवला." तू म्हणालास, "अरे बापरे. मग बेरिलकडे कोण आहे?" शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, बेरिल कोण, तुमची बहीण का? मी हो म्हटलं. काय सांगणार होते?

हे सगळं मी गिळलं असतं. गिळायला मी बेरिलकडूनच शिकले. पण पर्ल झाली. मागच्या ऑगस्टमध्ये तू फोन केलास, "आई, मुलगी झाली," आणि मी ताबडतोब म्हटलं, "मी येते." तू म्हणालास, "अगं, पण तू इकडे आलीस तर बेरिलकडे कोण बघणार?" मला पटलं, लॉकी. खरंच पटलं. तुझी सासू, टेगनची आई, तीन महिने तुमच्याकडे राहिली आणि मी इथे बेरिलसाठी गोठवलेले ससे वितळवत बसले. माझ्या नातीला मी दोनदा पाहिलं आहे, दोन्ही वेळा तुझा कॅमेरा चुकून फिरला म्हणून. एकदा तिची पाठ दिसली आणि एकदा पाऊल. गोरं, गुबगुबीत पाऊल होतं. बाबांसारखा अंगठा आहे तिचा, बाहेर वळलेला. तुझ्या लक्षात आलं असेल की नाही, कोण जाणे.

म्हणून मे महिन्यात मी नीट ठरवून बोलले. तुला आठवत असेल. मी म्हटलं, पर्लच्या पहिल्या वाढदिवसाला मी येते, एकाच आठवड्यासाठी. बेरिलला विल्मा तिच्याकडे नेईल, तिची तयारी आहे. त्यावर तू म्हणालास, "नको गं, विल्माचं कपाट केवढंसं आहे, बेरिलला ताण येईल. एवढ्या मोठ्या कपाटाची सवय लागलीये तिला. ऑगस्टच्या थंडीत तर नकोच. पुढे कधीतरी बघू." आणि मग म्हणालास, "कॅमेरा फिरव ना जरा." मी फिरवला. त्या दुपारी मी त्या कपाटासमोर पुष्कळ वेळ बसले होते. बेरिल गारव्याच्या टोकाला लांब पसरली होती, अगदी निवांत. मी एकेक सांधा बघत होते. एक फटसुद्धा नव्हती कुठे. दर वेळी चूक सुधारत सुधारत मी ते इतकं चांगलं करत नेलं, की जगात त्याच्यासारखी दुसरी जागा उरली नाही आणि माझ्यासारखी दुसरी राखणदारीण उरली नाही. तिला मी कुलूप लावलं होतं, पण घरात अडकून कोण पडलं होतं ते मला तेव्हा समजलं.

तर आता ऐक. साप पाळायचा परवाना तू राज्य सोडलंस तेव्हाच माझ्या नावावर झाला होता, त्यामुळे मला कोणाला विचारायची गरज नव्हती. गेल्या शनिवारी मी बेरिल विल्माला देऊन टाकली, कायमची. आणि विल्माचं कपाट लहान आहे ना, म्हणून कपाटही दिलं. तिचा नवरा आणि दोन दीर आले, तुझ्या खोलीची खिडकी चौकटीसकट काढली आणि कपाट अख्खंच्या अख्खं खिडकीतून बाहेर काढून ट्रकवर चढवलं. बेरिलला मी तुझ्या लहानपणीच्या ट्रॅक्टरच्या चित्रांच्या दुलईच्या खोळीत घातलं आणि विल्माच्या मांडीवर दिलं. ती गेल्यावर मी खोली झाडली. खिडकी परत बसवली आहे, थोडी फट राहिली आहे, वारा आत येतो. मला तिची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. सकाळी उठून मी अजून तिकडेच आधी जाते.

आता बेरिलकडे बघायला विल्मा आहे आणि कपाटही तेच आहे, तेव्हा तिला ताण नाही. ऑगस्टमध्ये मी मोकळी आहे. नवा खुबा विमानात बसू शकतो, डॉक्टरांना विचारलं. येऊ नकोस म्हणायचं असेल तर म्हण, पण या वेळी स्वतःच्या तोंडाने म्हण, सापाच्या तोंडाने नको. टपालातली मुलगी म्हणाली, पत्र तुझ्यापर्यंत पोचायला आठवडा लागेल, म्हणजे पहिल्या रविवारच्या आत तुझ्या हातात पडेल. बेरिल जेवली का, हे विचारायचं असेल तर विल्माचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे, ती माझ्यापेक्षा नीट सांगेल. माझा नंबर जुनाच आहे. त्या रविवारी दुपारचं जेवण आटोपून मी नेहमीच्या खुर्चीत बसेन. फोन वाजला तर तो कोणासाठी आहे ते मला उचलायच्या आधीच कळेल. नाही वाजला, तरी कळेल.

अजून तरी तुझीच,
आई